फोमचं ए३२० वळणात पडलं: दुरुस्त करू की नवीन बनवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बनवलेलं, रेडिओवर उडणारं १/२० स्केलचं एअरबस ए३२० प्रवासी विमान, बॉडी एक्सपीएस (दाट, गुळगुळीत फोम) शीटची, पंख थर्माकोल गरम तारेने कापून वर कागद, दोन ६४ मिमीचे ईडीएफ (नळीत बसवलेले इलेक्ट्रिक पंखे), सगळी रंगरंगोटी झाल्यावर वजन ३.१ किलो. तिसऱ्या फ्लाइटला लँडिंगसाठी शेवटचं वळण घेताना डावा पंख एकदम खाली गेला आणि विमान नाकावर आदळलं. नाक पुढच्या दारापर्यंत चुरा, डावा पंख इंजिनच्या थोडा बाहेर तुटला, डावं इंजिन पायलॉनसकट (ते पंखाला लटकवणाऱ्या खांबासकट) उखडलं. तुमचं म्हणणं रेडिओ गेला असणार. आणि विचारलंय की दुरुस्त करावं का नवीन बनवावं, गोंद कुठला, आणि पुन्हा तुटू नये म्हणून कार्बन किती घालू.

दुरुस्त होतंय. शेपूट, उजवा पंख, मधली बॉडी सगळं शाबूत आहे म्हणजे साठ-सत्तर टक्के काम तुमच्या हातात आहे, ते टाकून देऊ नका. पण रेडिओ गेला नव्हता असं मला वाटतं, आणि हे आधी बोलून घेऊ, कारण पडण्याचं कारण चुकीचं धरलं तर महिनाभर खपून दुरुस्त केलेलं विमान पुन्हा त्याच वळणात पडेल.

तुमच्या फोटोत डाव्या पंख्याचं हाऊसिंग आतून दिसतंय. त्यात पूर्ण गोल काळी रेघ आहे, आणि रोटरची सगळी पाती जवळपास एकाच उंचीला तुटलीत. म्हणजे जमिनीला लागला तेव्हा पंखा जोरात फिरत होता. बंद पडलेला किंवा नुसता वाऱ्याने फिरणारा पंखा आदळला की एका बाजूची दोन-तीन पाती मोडतात आणि तो तिथेच थांबतो, असा चारी बाजूंनी घासत नाही. आता तुम्हीच लिहिलंय की फेलसेफला (सिग्नल गेल्यावर रिसीव्हर आपोआप करतो ते) थ्रॉटल, म्हणजे मोटरची पॉवर, शून्य लावलंय आणि जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून ते बघितलंय. मग सिग्नल गेला असता तर पंखे थांबले असते. फिरत होते, म्हणजे सिग्नल होता आणि डावी मोटर पण चालू होती. दुसरं, डाव्या पंखाचं टोक मागच्या बाजूने नाही, पुढच्या कडेने चेपलंय, आणि नाकाचा चुरा डावीकडून जास्त आहे. हे स्टॉल होऊन (वेग कमी पडून पंखाने उचल सोडून) डावीकडे गिरकी घेत खाली आलेल्या विमानाचं चित्र आहे. तुटलेले तुकडे धुवून-पुसून टाकायच्या आधी असे बघायची सवय लावा, त्यातून जेवढं कळतं तेवढं आठवणीतून कळत नाही, कारण पडताना आपल्या आठवणीत फक्त "अरे अरे" एवढंच राहतं.

स्टॉल का झाला ते आकड्यात बघू, आकडे सोपे आहेत. खऱ्या ए३२० चं पंखांचं क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर धरतात, १/२० ला ते ४०० ने भागायचं, म्हणजे साधारण ३०.६ चौ. डेसीमीटर. तुमचं वजन ३१०० ग्रॅम, म्हणजे दर चौ. डेसीमीटरला १०० ग्रॅमच्या वर. एवढ्या लोडिंगला (क्षेत्रफळामागच्या वजनाला), आणि लिफ्ट कोएफिशंट (पंख किती उचल देतो त्याचा आकडा) फार तर १ च्या आसपास मिळेल असं धरलं, तर सरळ उडताना स्टॉल स्पीड जवळपास ४६ किमी/तास येतो. ४५ अंश बँक केला (विमान कुशीवर कलवलं) आणि उंची धरून ठेवली की तोच ५५ होतो, आणि ६० अंशाला ६५. आता तुम्ही लिहिलंय की "स्केल दिसावं म्हणून मस्त हळू आणत होतो आणि धावपट्टी निसटायला लागली म्हणून वळण जरा घट्ट केलं". बस, तिथेच झालं ते. विमान ५० ने चाललं होतं समजा, सरळ रेषेत ठीक होतं, वळणात नव्हतं.

आणि हे फक्त तुमचंच होत नाही, एअरलायनरचं मॉडेल उडवणाऱ्या प्रत्येकाचं होतं, माझंही झालंय. याला कारण आपले डोळे आहेत. खरं ए३२० साडेसदतीस मीटर लांब, लँडिंगला येताना साधारण ७० मीटर/सेकंदाने येतं, म्हणजे एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या दुप्पटही जात नाही, म्हणून ते असं तरंगत आल्यासारखं वाटतं. तुमचं मॉडेल १.८८ मीटर लांब आणि १५ मीटर/सेकंदाने आलं, जो त्याच्यासाठी कमीच स्पीड आहे, तरी एका सेकंदात आठ लांब्या जातं. म्हणजे डोळ्याला ते चौपट जोरात पळतंय असं दिसतं. डोक्यात खऱ्या विमानाचं चित्र बसलेलं असतं त्यामुळे हात आपोआप थ्रॉटल मागे ओढतो. ट्रेनर उडवताना हे होत नाही कारण ट्रेनर कसा दिसायला हवा याचं काही चित्रच डोक्यात नसतं. त्यात वारा पाठीमागून असेल (लँडिंगच्या आधीच्या पट्ट्यात तो पाठीमागूनच असतो) तर जमिनीच्या हिशोबाने ते अजून पळताना दिसतं आणि आपण अजून थ्रॉटल कमी करतो. पंखाला मात्र फक्त हवेतला वेग कळतो.

त्यात या पंखाचा आकार. टोकाला कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) तुमच्याकडे साडेसात सेंटिमीटर असेल, त्या स्पीडला तिथला रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि कॉर्डवरून हवा पंखावरून कशी वाहते ते सांगणारा आकडा) ६५ हजाराच्या आसपास येतो, मुळाशी त्याच्या चौपट. एवढ्या लहान नंबरवर पंख लवकर स्टॉल होतो, म्हणजे टोकं आधी सोडतात. पंख मागे झुकलेला असल्यामुळे टोकं सीजीच्या (तोलाच्या बिंदूच्या) मागे आहेत, ती सोडली की नाक खाली जायच्या ऐवजी वर यायला बघतं, म्हणजे आगीत तेल. आणि पंख पडतोय असं दिसल्यावर तुम्ही नक्की उजवा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलणारी फळी) दिला असणार, सगळेच देतात. त्याने डावा एलेरॉन खाली जातो, आधीच सोडत चाललेल्या टोकाचा अँगल अजून वाढतो, आणि ते पूर्णच सोडतं. त्या क्षणी करायचं एकच, एलेव्हेटर (शेपटीची आडवी फळी, नाक वर-खाली करणारी) ढिला सोडायचा आणि पॉवर द्यायची, पंख सरळ करायची घाई असेल तर रडरने (शेपटीच्या उभ्या फळीने). पण ईडीएफला पॉवर दिली आणि लगेच मिळाली असं नसतं, रोटरला फिरायला वेळ लागतो. आणि समोर प्रॉपेलर असलेल्या विमानात थ्रॉटल दिला की शेपटीवर जोराची हवा येते, एलेव्हेटरला एकदम जीव येतो, तसं इथे काहीच होत नाही कारण पंख्याची हवा शेपटीच्या खालून निघून जाते. म्हणून पाच-सहा मीटर उंचीवर ते सुटलं की सुटलं, तिथे तुमच्या जागी कोणीही असतं तरी वाचवलं नसतं.

बरं, आता दुरुस्ती.

बॅटरी आधी. आदळलेली लायपो अर्धा-पाऊण तास बाहेर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवायची असते, ते तुम्ही केलं असेल असं धरतो. फुगली असेल, कोपरा दबला असेल किंवा एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खाली बसला असेल तर ती गेली. तिचा मोह नको.

मग तुकडे. अगदी नखाएवढा तुकडा पण पिशवीत ठेवा आणि तुटलेल्या कडा घासू नका, कापू नका, "साफ" करू नका. ती वेडीवाकडी कडा हाच तुमचा जिग (जागेवर धरणारा साचा) आहे, ती परत तिच्या जोडीदारात बसली की पंख आपोआप मूळच्या कोनात येतो. डावा पंख हातात घेऊन तुटलेली बाजू जवळून बघा. थर्माकोलचे मणी मधून फाटलेले दिसत असतील तर फोम चांगला होता, लोड खरंच जास्त आला. मणी अख्खेच्या अख्खे एकमेकांपासून सुटून आले असतील, एका बाजूला गोळे आणि दुसऱ्या बाजूला खळगे, तर तो ब्लॉकच नीट शिजलेला नव्हता आणि त्याच ब्लॉकमधून उजवा पंख कापला असेल तर त्यालाही पट्टी घाला.

नाकाचा चुरा मात्र टाका. ईपीओ (मण्यांचा चिवट फोम) असता तर उकळतं पाणी ओतून चेपलेलं बरंच वर आलं असतं, मण्यांच्या आत हवा कोंडलेली असते ती गरम होऊन फुगते, विकतच्या ईपीओ विमानांना ही युक्ती फार छान लागू पडते. तुमच्या एक्सपीएसला नाही, तो चिरडला की चिरडला. नवीन नाक बनवायचं आणि जोडायचं. कुठे जोडायचं यात एक गोष्ट बघा, कापताना सरळ उभा काप घेऊ नका, तिरका घ्या, वरची कड खालच्या कडेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर पुढे. आणि आतून बांबूच्या काड्या किंवा ३ मिमी कार्बन रॉड घालणार असाल तर सगळ्या एकाच लांबीच्या नकोत. एक १० सेंटिमीटर, एक १४, एक १८, अशा. का तर चिकटवलेली जागा आता आजूबाजूच्या फोमपेक्षा कडक झालेली असते, आणि पुढच्या वेळी तडा जातो तो नेमका जिथे कडकपणा संपतो तिथे. सगळ्या काड्या एकाच रेषेत संपल्या तर तुम्ही नवीन तुटायची रेघ आखून दिलीत. कार्बन कापताना-घासताना तोंडाला मास्क लावा, ती धूळ घशात आणि कातडीत जाऊन बसते.

गोंदाचं. साधा सीए (फेविक्विकसारखा सुपरग्लू) थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही खातो, भोक पडतं, त्यामुळे तो घरात असला तरी त्या टेबलावर आणूच नका. फोम-सेफ सीए चालतो पण त्याच्यावर मारायचा किकर (लगेच वाळवणारा) स्प्रे कधीकधी फोमला लागतो, तुकड्यावर बघून घ्या. मोठ्या जोडाला माझी पसंती पॉलीयुरेथेन गोंदाला. एका बाजूला पातळ फासायचा, दुसरी बाजू ओल्या बोटाने नुसती दमट करायची, बसवायचं आणि टेपने करकचून आवळायचं. तो फुगतो, फटीतून पिवळा फेस बाहेर येतो आणि नवीन माणसाला वाटतं वा, सगळं भरलं. त्या फेसात ताकद काही नसते. ताकद असते आवळलेल्या पातळ थरात, म्हणून टेप महत्त्वाची आणि रात्रभर हात न लावणं महत्त्वाचं. पाच मिनिटवाली इपॉक्सी ठिसूळ असते आणि लोक ती वाटीभर ओततात, तिची जागा फार थोडी, चाकाची प्लाय प्लेट वगैरे. कार्बन पंखात बसवायला ३० मिनिटवाली घ्या, आत नीट शिरते. शीटवर शीट चिकटवायला यूएचयू पोरसारखा कॉन्टॅक्ट गोंद, दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचा आणि मग दाबायचं, पण एकदा टेकलं की हलत नाही त्यामुळे आधी नेम धरा. ग्लू गनने विमान चिकटवू नका. जड होतं आणि गडद रंगाची बॉडी उन्हात तापली की तो मऊ पडतो, माझ्या एका विमानाचा एलेव्हेटरचा सर्वो (फळी हलवणारी छोटी मोटर) असाच हवेत असताना सुटला होता, नशीब उंचीवर होतो.

डावा पंख. इंजिनच्या लगेच बाहेर तुटणं साहजिक आहे, इंजिनपर्यंत तुमचा कार्बन पाइप होता आणि पाइप जिथे संपला तिथेच मोडलं (वर काड्यांचं सांगितलं तेच). आधी नुसता जोड चिकटवून घ्या, कडा एकमेकांत बसवून. वाळल्यावर खालून आणि वरून एकेक खाच पाडा, तडा मध्ये येईल अशी, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर तरी जाईल एवढी लांब, आणि त्यात कार्बनची चपटी पट्टी उभी बसवा, आडवी नाही. वरची आणि खालची खाच थोडी पुढेमागे ठेवा आणि लांबी वेगळी ठेवा. उडताना पंख वर वाकतो, म्हणजे खालचा भाग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो, आणि फोम दाबाखाली सुरकुती पडून आधी हार मानतो. म्हणून नुसती खाली धाग्याची टेप मारून भागत नाही, ती ताणाला उत्तम पण वरच्या बाजूला काहीतरी कडक हवंच. एवढं पुरे. "किती कार्बन घालू" याचं उत्तर हेच आहे की नाकात घालू नका. नाक मऊच राहू द्या, ते चेपून जातं म्हणून मागचं वाचतं. मी एका ७३७ च्या नाकात कौतुकाने जाड रॉड घातला होता, पुढच्या आदळीला नाक शाबूत आणि तो रॉड मागे सरकून बॅटरीत घुसला.

इंजिनांचं उलटं करा. ती दोन्ही परत घट्ट चिकटवू नका, पायलॉनला प्लायची छोटी पट्टी देऊन ३ मिमीच्या नायलॉन स्क्रूने लावा. ठोकर बसली की स्क्रू तुटेल आणि पंख वाचेल. वायरला कनेक्टर मात्र असा ठेवा की तो पण सुटून येईल. पंख्याचा रोटर नवीनच घ्या, एखादं पातं चिकटवून चालवायचा विचारसुद्धा नको, त्या आरपीएमला तुटलेलं पातं म्हणजे सुरी आहे. नवीन बसवल्यावर हाऊसिंग अंडाकृती झालंय का बघा, कुठे घासत असेल तर तिथे गोल हललाय. पहिल्यांदा चालवताना पंख्याच्या बाजूला, त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका. आणि आवाज ऐका, नीट बॅलन्स असलेला पंखा शीळ घालतो, खराब असेल तर गुरगुरतो आणि पंख हाताला थरथरतो.

सरळपणा तपासायला दोऱ्याएवढं चांगलं काही नाही. शेपटीच्या मध्यावर टाचणी टोचा, दोरा दोन्ही पंखांच्या टोकाच्या एकाच खुणेपर्यंत न्या, लांबी सारखी यायला पाहिजे. मग पीळ. ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही आणि सगळ्यात जास्त विमानं हीच पाडते. विमान टेबलावर पक्कं ठेवून दोन्ही टोकांना पुढच्या आणि मागच्या कडेची उंची मोजा. साडेसात सेंटिमीटरच्या कॉर्डला फक्त २ मिमी फरक म्हणजे दीड अंश होतो. डावं टोक उजव्यापेक्षा दीड अंश जास्त वर बघत असेल तर ट्रिम करून (रेडिओवरून फळ्या थोड्या सरकवून) विमान सरळ उडेल, तुम्ही खूश व्हाल, आणि स्लो केलं की दरवेळी डावीकडेच पडेल. कोण जाणे, तुमचं आधीपासून तसंच असेल, उजवा शाबूत आहे तेव्हा त्याच्याशी ताडून बघा. टोकाला पुढची कड दोन-तीन अंश खाली असा वॉशआउट दोन्हीकडे सारखा असायला हवा. नसेल तर दुरुस्तीच्या निमित्ताने घालून घ्या, कागद गरम करून पिळता येतो का बघा, नाहीतर दोन्ही एलेरॉन मिळून २ मिमी वर ट्रिम करा, तेवढ्यानेही टोकांना बराच आराम मिळतो.

आता वजन, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

३.१ किलोतला रंग किती? हिशोब करा. बॉडीचा घेर साधारण ६२ सेंटिमीटर, लांबी १.८८ मीटर, म्हणजे टोकं निमुळती धरूनही एक चौरस मीटर, पंखांच्या दोन्ही बाजू धरून अर्ध्याच्या वर, शेपटी, इंजिनं, सगळं मिळून पावणेदोन-दोन चौरस मीटर कातडी आहे. तिच्यावर चौरस मीटरला १०० ग्रॅम चढवले की २०० ग्रॅम झाले. तुम्ही कागद लावला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, पांढऱ्याचे चार हात दिले आणि वर लॅकर. पांढरा रंग झाकायला बरेच थर मागतो, त्यातली पूड पण जड. आणि गंमत बघा, खालचा फोम मुळात पांढराच होता! मी तर सांगेन बॉडी पांढरी असेल अशीच लिव्हरी (विमान कंपनीची रंगसंगती) निवडा आणि फोम घासून त्यावर पाण्याचं पॉलीयुरेथेन वॉर्निश दोन पातळ हात मारा, कडक पाहिजे तिथे चौरस मीटरला २५ ग्रॅमचं ग्लास फायबरचं कापड. स्प्रेचे डबे वापरणार असाल तर फोमला लागणार नाही याची खात्री करा, त्यातलं सॉल्व्हंट उघडा फोम वितळवतं. खिडक्या आणि नावं डेकलची (चिकटवायच्या चित्रांची).

दुरुस्तीतही तेच. मोडलेला पंख चिकटवायच्या आधी किचनच्या काट्यावर ठेवा, आकडा भिंतीवर लिहा, चिकटवल्यावर परत ठेवा. पाचदा दुरुस्त केलेलं माझं ते ७३७ १.९ किलोचं २.४ झालं होतं, एकेक दुरुस्ती तीस-चाळीस ग्रॅमची, कधी कळलंच नाही, आणि उडवताना मला वाटायचं मोटर जुनी झाली. तुमचं २.५ वर आलं तर तोच स्टॉल स्पीड ४६ वरून ४१-४२ वर येतो, आणि वळणातले आकडेही तेवढ्याच प्रमाणात खाली. नवीन नाक बनवताना, रंग घासून काढताना, जिथे मिळेल तिथे काढा. विशेषतः शेपटीतून. शेपूट सीजीपासून ८० सेंटिमीटर मागे आणि बॅटरी ४० सेंटिमीटर पुढे असेल तर शेपटीतला १० ग्रॅम रंग पुढे २० ग्रॅम मागतो, म्हणजे तो १० चा ३० झाला.

सीजी परत काढावाच लागेल, नाक नवीन आहे. इथे एक हमखास चूक होते, लोक मुळाशी कॉर्डच्या २५ टक्क्यांवर खूण करतात. झुकलेल्या पंखाला ते चालत नाही, मीन कॉर्ड बाहेर आणि मागे असते, तिचे २५ टक्के घ्यायचे. कागदावर एक पंख काढा, मुळाच्या कॉर्डच्या पुढे आणि मागे टोकाच्या कॉर्डएवढी रेघ वाढवा, टोकाला पुढे-मागे मुळाएवढी वाढवा, तिरक्या रेघा जोडा, त्या जिथे छेदतील तिथली कॉर्ड ती मीन. ए३२० च्या मागच्या कडेला मोड आहे तो सरळ धरून टाका, थोडासा फरक चालतो. पंख खाली आहेत म्हणून विमान उलटं करून बोटांवर तोला, सरळ धरलं तर ते कलंडायलाच बघतं आणि काही कळत नाही.

वायरिंगबद्दल थोडंच, रेडिओ निर्दोष ठरवला तरी. दोन ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) दोन बीईसी (रिसीव्हर-सर्वोला वीज देणारा भाग) एकाच रिसीव्हरला जोडलेले दिसतायत, एकाची लाल वायर काढा, किंवा चांगलं म्हणजे दोन्हीची काढून वेगळा यूबीईसी घाला, फ्लॅप (लँडिंगला पंखामागे उघडणाऱ्या फळ्या) आणि गिअरचे (चाकांचे) सर्वो धरून लोड बराच होतो. आणि बॅटरीपासून ईएससीपर्यंतची वायर तुम्ही लांब केलीये, ती नका करू, त्याने ईएससीचे कपॅसिटर मार खातात. ईएससी मुळाशी आणा आणि मोटरच्या तीन वायरी लांब करा. ईएससीला हवा मात्र लागू द्या.

उडवताना. नवीन केलेलं विमान पहिल्यांदा वर गेलं की साठ-सत्तर मीटर उंचीवर, वाऱ्याला तोंड करून, सरळ रेषेत थ्रॉटल हळूहळू कमी करत एलेव्हेटर ओढत जा आणि ते कधी सोडतं, कुठल्या बाजूला सोडतं ते बघा. आधी फ्लॅप वर ठेवून, मग खाली करून. फ्लॅप पहिल्यांदा उघडाल तेव्हा नाक वर उसळेल, त्याला किती खाली एलेव्हेटर लागतो ते तिथेच ठरवून रेडिओत मिक्स करा (फ्लॅपबरोबर तो आपोआप मिळेल असं), लँडिंगला शोधत बसू नका. सोडायच्या आधी थ्रॉटलची कांडी कुठे होती ती जागा बोटाने लक्षात ठेवा, कारण डोळा फसवतो हे वर सांगितलंच. लँडिंगला येताना कांडी त्या जागेच्या वरच राहिली पाहिजे, टेकेपर्यंत. पंखा फिरता ठेवायचा, चाकं टेकल्यावर बंद. वळणं लांबून, तीस अंशाच्या आत, आणि धावपट्टी निसटली तर निसटू द्या, पॉवर देऊन वरून एक चक्कर मारा. दोन्ही पंखे मिळून १.९ किलो थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) आहे म्हणताय, म्हणजे वजनाच्या ०.६ पट. खऱ्या ए३२० ला भरलेल्या वजनाला टेकऑफच्या वेळी ०.३ च्या आसपासच असतो, त्यामुळे ताकद तुमच्याकडे भरपूर आहे, वापरायला लाजू नका. बॅटरी उरवून खाली यायचं म्हणजे दुसऱ्या चकरेची भीती वाटत नाही, पहिल्या काही उड्डाणांना टायमर चार मिनिटांचाच लावा आणि उतरल्यावर किती उरली ते मोजत वाढवा.

पोट थोडं गडद करा, राखाडी पट्टा वगैरे. ढगाळ आभाळात खालून-वरून पांढरं एअरलायनर वळताना येतंय का जातंय कळत नाही.

हे सगळं झाल्यावर रंग शेवटी. आधी फोम दिसत असताना, टेपा-जोड दिसत असतानाच पाच-सहा फ्लाइट काढा. आणि हो, डाव्या एलेरॉनचा सर्वो बाहेरून चांगला दिसतोय तरी वीज न देता त्याचं हॉर्न बोटाने हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, एका जागी अडखळला तर आतला दात गेलाय, तो सर्वो पण बदला.